अनामतीची वही

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं शाईकाका स्वतःला सांगत असत. खरं म्हणजे राहून काही गेलं नव्हतं. त्यांनी ते दिलं नव्हतं. तीन वर्षं ते पत्र त्यांच्या जाड शब्दकोशात 'ल' अक्षराच्या पानांत पडून होतं. शब्दकोश उघडायची वेळ आली की काका तेवढी पानं टाळत, आणि त्या अक्षराचा शब्द अडलाच तर अर्थ अंदाजाने लावून पुढे वाचत.

पत्र नदीपलीकडच्या एका बाईचं होतं. ओळी वाकड्या जाऊ नयेत म्हणून खाली पट्टी धरून लिहिलेलं. मजकूर थोडा होता: "कुरणाच्या लिलावात मी कुठवर जाऊ शकते हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि वही लिहिणाऱ्या तुम्हाला. त्यांना ते कसं कळलं? मी वरच्या कचेरीत अर्ज केला आहे. तुम्ही काय पाहिलं ते लिहून कळवा. दुसरं काही मागत नाही."

काका कुरणाच्या कचेरीत सव्वीस वर्षं लेखनिक होते. उजव्या हाताच्या मधल्या बोटावरचा शाईचा डाग निवृत्तीनंतरही गेला नाही, म्हणून गाव त्यांना शाईकाका म्हणे. दरवर्षी गवत तयार झालं की कुरणाचे आठ गट पाडून लिलाव व्हायचा. बोलीच्या आधी प्रत्येकाने अनामत भरायची आणि अनामतीच्या दहापटीपर्यंतच बोली लावायची, असा नियम होता. म्हणजे कुणाची अनामत किती हे ज्याला कळलं, त्याला तो माणूस कुठवर चढणार हेही कळलं. म्हणूनच ती वही कुलपात राहायची आणि लिलावाच्या दिवशीच टेबलावर यायची. बोली जिंकून आठ दिवसांत पैसे भरले नाहीत तर अनामत जप्त, आणि फेरलिलाव. नदीपलीकडच्या बाईचं तेच झालं होतं. तिला तिच्या शेवटच्या आकड्यापर्यंत चढवत नेलं, तिथे सोडून दिलं, आणि फेरलिलावात तो गट गावच्या डेअरीवाल्याने सरकारी बोलीवर, म्हणजे कचेरीने ठरवलेल्या किमान रकमेवर, उचलला.

काका धाकट्या भावाच्या घरी राहत. भाऊ वारल्यावर घरात तिघंच उरली: भावजय, तिची सव्वीस वर्षांची मुलगी आणि काका. चार गाई होत्या, त्यांच्या दुधावर घर चालायचं. पुतणी पहाटे धारा काढायची, दूध घालून यायची, मग शेण, पाणी, चारा. भावजय दोर वळायची, गोठा सारवायची. काका वाचायचे. कधी बादली उचलायला गेले तर पुतणी म्हणायची, "राहू द्या काका, तुम्ही सांडता."

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. सपाटीवरचं गवत घोट्याइतकं येऊन थांबलं. गाईंच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. तांबड्या गाईच्या कमरेची हाडं इतकी वर आली की धार काढताना पुतणी तिथे डोकं टेकायची ती टेकेनाशी झाली. गवत दरवर्षी गवताच्या व्यापाऱ्याकडून यायचं. यंदा त्याने दर दुप्पट केला. पुतणीला वखारीच्या दारात तासभर उभं ठेवलं, तिच्यामागून आलेल्या दोघांना आधी दिलं, आणि तिला खालच्या ओल धरलेल्या पेंढ्या काढून दिल्या. घरी येऊन तिने एक पेंढी सोडली तर आत बुरशी आणि मूठभर दगड. तिने ते दगड ओसरीवर ओळीने मांडून ठेवले. दोन दिवस तिथे कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काका, लिलावात मीच उतरणार. सात नंबर घ्यायचा. मला सगळं शिकवा."

सात नंबर ओढ्याकडेचा. गवत गुडघाभर, आणि बैलगाडी थेट आत जायची. तो मिळाला तर चारही गाई पुढच्या पावसापर्यंत तगणार होत्या. नाही मिळाला तर दोन विकाव्या लागणार होत्या, आणि दोन गाईंच्या दुधावर तीन माणसं जगत नाहीत. अनामतीसाठी कालवड विकली. चार हजार भरले. म्हणजे चाळीस हजारांपर्यंत जाता येणार होतं. तेवढेही घरात नव्हते. तीसपर्यंत होते, वरच्यासाठी तांबडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

मग आठवडाभर काका बोलले. इतकं ते उभ्या जन्मात बोलले नसतील. पुतणी गोठा धुवायची आणि काका दाराच्या चौकटीत उभे राहून सांगायचे. ज्याला सात हवा असतो तो तीनची चौकशी करतो. लिलावाच्या आदल्या दिवशी कुरणात जाऊन जो गवताला लाथ मारून नाक मुरडतो, त्याचंच मन त्या गवतावर असतं. पहिली बोली मोठ्याने देतो तो भिडू नसतो, त्याला पाठवलेला असतो. डेअरीवाला, गवताचा व्यापारी आणि ट्रॅक्टरवाला हे तिघं आधीच ठरवून येतात. पहिला गट एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. ज्याची पाळी नाही तो खिशातल्या पेनाला टोपण लावतो, की बाकीच्यांनी समजायचं. सगळे गट सरकारी बोलीच्या जरा वर जातात. मग कचेरीच्या मागे, पिंपाजवळ, त्यांचा आपसात खरा लिलाव होतो आणि वरचा पैसा तिघांत वाटला जातो. चौथं कुणी मध्ये आलं तर मात्र ते आपसातलं विसरतात आणि त्याला चढवतात. पुन्हा यायची हिंमत होऊ नये इतकं चढवतात.

पुतणीने खराटा थांबवला. "हे सगळं तुम्ही बघत होता?"

"मी लिहीत होतो," काका म्हणाले.

लिलावाच्या दिवशी कचेरीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये चाळीसेक पुरुष होते आणि पुतणी एकटी बाई. ती खिडकीशी उभी राहिली. तिने धुतलेले कपडे घातले होते, तरी गवताचा व्यापारी शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, आज गोठा कचेरीपर्यंत आला वाटतं. दोनचार जण हसले. ट्रॅक्टरवाल्याने तिला खुर्ची देऊ केली, बसायला म्हणून नव्हे, पुसायला. बरीच धूळ आहे, सवय असेल, म्हणाला. पुतणीने खुर्ची घेतली आणि तिच्यावर तशीच बसली.

काका दाराजवळच्या बाकावर होते. समोर त्यांचंच जुनं टेबल, त्यावर तीच लांबोडकी वही. मागे नवा लेखनिक, टक्कल पडलेला, चष्म्याला दोरी लावलेला, भिडस्त चेहऱ्याचा माणूस. काकांना तो पहिल्या दिवसापासून आपल्यासारखाच वाटला होता आणि त्याबद्दल त्यांना त्याची दया यायची. डेअरीवाला येऊन टेबलासमोर बसला. हवेचं बोलला, लेखनिकाच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. वहीबद्दल एक अक्षर काढलं नाही. लेखनिकाने टाक पुसला. वही उघडी होती. त्याने दोन बोटांनी तिचं तोंड पलीकडे फिरवलं, उठला, आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

तो माणूस बाहेरच्या माठाशी किती वेळ उभा राहणार हे काकांना ठाऊक होतं. दोन पेले पाण्याइतका वेळ. तहान नसली की दुसरा पेला घशाखाली उतरत नाही, हेही ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी याच खुर्चीवरून उठून ते त्याच माठाशी उभे होते, आणि आत डेअरीवाला नदीपलीकडच्या बाईचा आकडा वाचत होता. त्याने काकांना ना धमकी दिली होती ना पैसे. नुसता समोर बसून राहिला होता, आणि काकांना ऊठ म्हणता आलं नव्हतं. सव्वीस वर्षांत तेवढं एकदाच, असं ते स्वतःला सांगत आले होते. आज पाहिलं तर ती रीतच पडली होती.

मधली फरशी वीस पावलांची असेल. काका उठले. वहाणा करकरल्या. लोक बघू लागले. पुतणीजवळ जाऊन ते खाली वाकले.

"त्यांना आपला आकडा कळलाय. आज बोली लावू नकोस. चल घरी."

"कसा कळला?"

"वही फिरवली."

"तुम्हाला इतक्या लांबून काय दिसणार?" ती म्हणाली. घंटा झाली आणि काका तिथेच, तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

पहिले सहा गट पाळीने गेले. टोपण लागलं, निघालं, लागलं. बारा हजारांच्या सरकारी बोलीवर कुणी हजार चढवला, कुणी तोही नाही. लिलाव पुकारणाऱ्या अधिकाऱ्याने जांभई दिली. मग सात नंबर पुकारला आणि पुतणीने हात वर केला. बारा. डेअरीवाल्याने तिच्याकडे न बघता तेरा केले. चौदा, पंधरा. तिशीला मागचे लोक पुढे सरकले. पुतणीच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरताना काकांना दिसत होती. पस्तिसाला ती थांबली, ओठ चावला, रडवेली झाली, आणि हळूच छत्तीस म्हणाली. डेअरीवाल्याने झटक्यात सदतीस केले. अडतीस, ती म्हणाली. आवाज फुटला होता. डेअरीवाला खुशीत मागे रेलला. एकोणचाळीस, म्हणाला, आणि खिशातून पेन काढून टोपण लावायला घेतलं. त्याचं काम झालं होतं. आता ती चाळीस म्हणणार होती, आणि संपणार होती.

पुतणी चाळीस म्हणाली नाही. तिने पदराने तोंड पुसलं. रडवेलेपणा त्या पुसण्यातच गेला.

"एकोणचाळीस एक वार," अधिकारी म्हणाला. डेअरीवाल्याचं टोपण अर्ध्यावर थांबलं. त्याने तिच्याकडे बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदा. "एकोणचाळीस दोन वार." गवताच्या व्यापाऱ्याने खाली मान घातली, हसू दिसू नये म्हणून. "तीन वार."

आठ नंबर नेहमी शेवटी निघायचा. सातच्या पलीकडची चढण, दगडाळ, गवत कुसळी आणि अंगाला डसणारं. तो कुणाच्याच पाळीत नव्हता. डेअरीवाला अजून पेनाकडे बघत होता, बाकीचे दोघे त्याच्याकडे बघत होते. पुतणीने सरकारी बोलीवर आठ नंबर घेतला. घरी जाताना काका तिला सांगत होते की असली चाल त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती. ती एवढंच म्हणाली की सात हातचा गेला, आता चढणीवर दुप्पट कापावं लागेल, आणि तुम्हालाही विळा धरावा लागेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं चढणीवर होती. काकांच्या हाताला पहिल्या तासात फोड आले, दुसऱ्या तासात फुटले. भावजयीने चिंध्या बांधल्या. कुसळं बंडीतून आत शिरायची, घामात चिकटायची. काका एक मूठ धरून कापायचे तोवर पुतणी तीन करायची. दगडावर विळा बसला की ठिणगी उडायची आणि ती मागे न बघता विचारायची, "धार गेली का दगड गेला?" दुपारपर्यंत काकांची कंबर वाकली ती सरळ होईना. वाकलेलेच होते म्हणून मग त्यांनी पेंढ्या बांधायला घेतल्या.

कापलेलं खाली न्यायची वाट सात नंबरातून होती. कापणीच्या दिवसांत कुणी कुणाची वाट अडवत नसे. तिसऱ्या दिवशी भाड्याची बैलगाडी घेऊन गेले तर सातच्या तोंडावर तार ओढलेली, आत काटेरी फांद्या. डेअरीवाल्याचा माणूस सावलीत बसून होता. मालकीची जागा आहे, म्हणाला, तुमची गाडी नको. उरली ती मागची वाट, टेकाड ओलांडून. एका खेपेला दीड तास. पुतणी दोन भारे एकावर एक घ्यायची, भावजय एक, काका अर्धा. भाऱ्याखाली मान अशी आत जायची की समोरचं दिसायचं नाही, फक्त आपले पाय. टेकाडावरून खाली सातमधलं गवत दिसायचं, गुडघाभर, वाऱ्यावर हलणारं. डेअरीवाल्याने अजून कापायलाही घेतलं नव्हतं. एकोणचाळीस हजारांचं गवत तो नुसतं राखत बसला होता.

काकांना राग येणं माहीत नव्हतं. पुस्तकातलं वाचून येई तेवढाच. पाचव्या दिवशी त्यांनी भारा उतरवला नाही, दगडावर आपटला, आणि ते थकव्याने नाही हे त्यांना कळलं. ते तसेच टपाल कचेरीत गेले आणि नदीपलीकडे नोंदणीचं पत्र जायला किती लागतं, ते विचारून आले. खिडकीमागच्या माणसाने पत्र कुणाला ते विचारलं, त्यांनी बाईचं नाव सांगून टाकलं. तिचा अर्ज अजून वरच्या कचेरीतच पडून आहे, ती दर महिन्याला कुरणाच्या कचेरीला चौकशीचं पत्र टाकते, असं त्याने आपणहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या तोंडाची तार गेलेली होती. काटे बाजूला केलेले. डेअरीवाला स्वतः उभा होता, आणि हसत होता.

"काका, या वयात ओझी कसली वाहता? वाट मोकळी केली. हवी तर माझी गाडी घ्या."

काकांनी मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, त्यांनाच कळलं नाही. डेअरीवाला जवळ आला. टपालवाले बोलघेवडे असतात, म्हणाला. मग काकांच्या खांद्यावरचं कुसळ दोन बोटांनी काढलं आणि हळू आवाजात म्हणाला, "वही कशी फिरवायची ते नव्या माणसाला कुणी शिकवलं नाही, काका. तुमची खुर्चीच तशी आहे. बसेल तो फिरवतो. उगाच एकट्याने नाव खराब करून घेऊ नका."

वर चढणीवर निम्मं गवत कापून पडलं होतं. उत्तरेला ढग जमत होते. वाट मोकळी राहिली तर आज संध्याकाळपर्यंत गाडीने सगळं घरी गेलं असतं. डोक्यावरून आणायचं तर आणखी सहा दिवस, आणि भिजलं तर कुजणार. काका चढण चढून गेले. दोघी सावलीत भाकरी खात होत्या. वाट उघडली म्हणताच पुतणी उठून दोर गोळा करू लागली. काका म्हणाले, बस जरा. आणि मग त्यांनी सांगितलं. पत्राचं सांगितलं, माठाचं, दोन पेल्यांचं, डेअरीवाल्याचं आत्ताचं. मध्ये कुठे थांबले नाहीत, कारण थांबले असते तर तिथेच राहिले असते.

हातातला दोर पुतणी मनगटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"म्हणजे आठवडाभर गोठ्याच्या दारात उभं राहून मला चाली शिकवल्या, आणि तेवढीच एक गाळलीत," ती म्हणाली. "ती ठाऊक असती तर अनामत तीनच भरली असती. त्यांनी तिसाला सोडून दिलं असतं. सात आपला झाला असता, काका."

काकांनी हे कधी मांडून बघितलं नव्हतं. आता मांडलं, आणि ते बरोबर होतं. खाली सात नंबर वाऱ्यावर हलत होता.

भावजय त्यांच्याशी सहसा सरळ बोलत नसे. ती भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "भाऊजी, त्या बाईच्या गाई किती होत्या?"

"पत्रात लिहिलं नव्हतं."

"तुम्ही विचारायचं होतं."

पुतणीने गोळा केलेले दोर पुन्हा पसरले, दोन मोठे एका बाजूला, एक लहान एका बाजूला. डोक्यावरून आणायला लागतात तसे.

"टपाल कधी निघतं?" तिने विचारलं.

"चारला."

"मग लिहा जाऊन. आम्ही कापतो तोवर." ती विळा घेऊन वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "शुद्धलेखन बघत बसू नका."

काका घरी आले. चिंध्या बांधलेल्या बोटांत पेन धरवेना, म्हणून चिंध्या सोडल्या. पहिल्या कागदावर त्यांनी उशिराबद्दल क्षमा मागितली आणि ती दीड पान झाली. तो फाडला. दुसऱ्यावर कचेरीतली पद्धत समजावून सांगितली. त्यात 'वही फिरवली गेली' असं लिहिलं होतं. जणू वही आपली आपण फिरली. तोही फाडला. तिसऱ्यावर लिहिलं:

"तुमचं पत्र त्याच वर्षी मिळालं होतं. तुमचा आकडा त्यांना माझ्यामुळे कळला. वही मी फिरवली आणि पाणी प्यायला गेलो. यंदाही ती फिरवली गेली. कुणी, कुणासमोर, किती वाजता, ते खाली लिहिलं आहे. हे पत्र वरच्या कचेरीत दाखवा. बोलावलं तर मी येईन. तुमच्याकडे गाई किती होत्या ते कळवा."

खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सव्वीस वर्षं कुठली ते लिहिलं. सही करताना फुटलेल्या फोडातलं पाणी कागदाला लागलं. कागद बदलायला ते उठले आणि परत बसले.

टपाल कचेरीची नोंदणीची खिडकी तीनलाच बंद झाली होती. चार वाजायला आले होते. नोंदणीचा नाद सोडून त्यांनी तिकिटं लावली. पेटी बाहेरच्या भिंतीवर होती, डेअरीच्या ओसरीसमोर. ओसरीवर तिघंही होते, डेअरीवाला, गवताचा व्यापारी आणि ट्रॅक्टरवाला, आणि बाजूच्या स्टुलावर नवा लेखनिक चहाची बशी धरून. डेअरीवाल्याने दुरूनच हाक मारली, काका, या, बसा. काकांनी आयुष्यभर असल्या हाकेला जाऊन बसायचंच काम केलं होतं. पाय तिकडे वळलेसुद्धा.

मग त्यांनी लेखनिकाकडे बघितलं. बशीतला चहा थंड झाला होता आणि तो पीत नव्हता. नुसती धरून बसला होता.

काका पेटीकडे वळले. पाकीट आत घातलं, आणि ते सोडायच्या आधी वरचा पत्ता सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला. बाईचं नाव, गाव, नदीपलीकडे. त्यांचा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे गावाला ठाऊक नव्हतं. मग बोटं सोडली. पेटी रिकामी असावी. पत्र थेट तळाला पडल्याचं ऐकू आलं.